खोलायला गन, आवळायला हात

माजलगावात इंजिन दुरुस्त होत नाही, ते 'बांधलं' जातं. गाडी दिसत नाही म्हणून मालकाला विचारलं, तर तो सांगतो, "बांधायला काढलीय." वरचं काम असेल, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा, तर ते 'हाफ इंजिन'. क्रँक बाहेर काढून बोअरिंगपर्यंत गेलं, तर 'फुल'. घर बांधतात तसं इंजिन बांधतात, आणि घरासारखंच ते कुणी बांधलं हे गावाला माहीत असतं. गाडीनं दोन महिन्यांत पुन्हा धूर मारला, तर कंपनीचं नाव कुणी घेत नाही. बांधणाऱ्याचं घेतात.

माझे मामा तीस-पस्तीस वर्षांपासून इंजिनं बांधताहेत. कल्याणहून निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आमच्या गावातून पाथरीकडे जातो, त्याच रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. शेडमध्ये बोलेरो, पिकअप, एखादी काळीपिवळी जीप, आणि २०१४ साली बनायची थांबलेली मारुती ८०० अजूनही अधूनमधून येते. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, डिग्री मात्र मेकॅनिकलची. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच गोष्ट आहे. मशीन डिझाइनच्या पेपरात बोल्टची गणितं सोडवली आणि नोकरीत जावा लिहिलं. पण सुट्टीत मामांकडे डिझेलमध्ये पार्ट धुतलेले असल्यामुळे ती गणितं मला कधी निव्वळ कागदावरची वाटली नाहीत.

गेल्या दिवाळीत मामांच्या गॅरेजात जो वाद चालू होता, तो गन विरुद्ध हात असा होता. गन म्हणजे हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन, पंक्चरच्या दुकानात चाकाचे नट खोलताना 'टर्रर्र' करते तीच. मामांचा धाकटा मुलगा आयटीआय करून वर्षभरापूर्वी गॅरेजात आला. त्याचं म्हणणं, सगळं काम गननं करावं. कॉम्प्रेसर मोठा घ्यावा, गन दोन घ्याव्यात, हवेचं रॅचेट घ्यावं. पुण्यात, संभाजीनगरात सगळे तसंच करतात. मामांचं म्हणणं, गननं बांधलेलं इंजिन आपल्या नावावर नको. मी आणि माझ्या भावानं गॅरेजसाठी तीस हजार रुपये बाजूला काढले होते. त्याचं काय घ्यायचं, यावर घर अडलं होतं.

"तू इंजिनिअर हाईस ना," मामा म्हणाले, "मग तूच सांग."

खरं तर मामांच्या बाजूनं बोलायला मन ओढत होतं. हातानं काम करणारा जुना माणूस आणि मशीनच्या नादी लागलेलं तरुण पोरगं, ही गोष्ट आपल्याला आयतीच आवडते. पण मामांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता. डॉक्टरांनी जोराची कामं बंद करायला सांगितली होती आणि मामांनी ती मामींपासून लपवून चालू ठेवली होती. त्यामुळे या वादात नुसतं तत्त्व नव्हतं. एक खांदा होता, आणि त्या खांद्यावर चाललेलं घर होतं.

आधी खोलण्याबद्दल बोलू. इंजिन खोलताना सगळ्यात हट्टी बोल्ट क्रँक पुलीचा. वर्षानुवर्षं उष्णता, तेल आणि धूळ खाऊन तो बसलेला असतो. गन नव्हती तेव्हा हे काम तिघांचं होतं. एक जण फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी अडकवून इंजिन फिरू नये म्हणून धरून बसायचा. दुसरा गोटी सरळ दाबून धरायचा. तिसरा, म्हणजे मामा, पान्याच्या दांड्यात चार फुटी पाईप घालून त्यावर अंग टाकायचे. बोल्ट सुटला तर ठीक. गोटी सटकली तर माणूस पाईपसकट खाली. मामांचा खांदा असाच एकेका बोल्टनं गेला आहे.

गननं तोच बोल्ट बहुतेक वेळा काही सेकंदांत सुटतो. तिच्या आत एक वजन हवेच्या जोरावर फिरतं आणि गोटी बसवलेल्या दांड्यावर सेकंदाला कितीतरी वेळा हातोडीसारखं आदळतं. प्रत्येक ठोका जोरदार पण अगदी क्षणभराचा, म्हणून धरणाऱ्याच्या मनगटाला उलटा पीळ फारसा बसत नाही. बोल्ट फिरू नये म्हणून पलीकडून इंजिन अडवून धरायचीही पुष्कळदा गरज पडत नाही. गंजलेल्या आट्यांना तर सलग ताकदीपेक्षा असे ठोकेच मानवतात. पाईप लावून एकसारखा जोर दिला की जुना बोल्ट पिळला जाऊन मान तुटते. ठोक्यांनी आधी गंज मोकळा होतो. म्हणजे खोलण्याच्या बाबतीत धाकट्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तिथं हाताचा अभिमान धरणं म्हणजे खांदा गहाण टाकणं होतं.

याला एक अपवाद आहे. हेड ॲल्युमिनियमचं असेल, तर त्याचे बोल्ट खोलतानाही इंजिन थंड हवं, सुरुवात बाहेरच्या बोल्टांपासून करून आत यायचं, आणि प्रत्येक बोल्ट थोडाथोडा सोडायचा. एकेक बोल्ट गननं पूर्ण काढत गेलं, तर हेडवरचा दाब एका बाजूनं सुटतो आणि ते वाकू शकतं.

आता आवळणं. त्या दिवाळीत शेडमध्ये एक बोलेरो उभी होती. २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं, आमच्या भागात अंगवळणी पडलेलं डीआय डिझेल इंजिन. मालक तिच्यात सवाऱ्या भरायचा. गाडी उभी म्हणजे घरात पैसा नाही, इतका सरळ हिशेब होता. चेंबरमधलं ऑइल दुधाळ चहासारखं झालं होतं. हेड गॅस्केट गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि असा रंग येतो. सहा महिन्यांपूर्वीच इंजिन कुठंतरी बांधून घेतलं होतं. कुठं, ते त्यानं सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही. मामांनी हेडचे बोल्ट हातानं एकेक सोडले. काही पहिल्या हिसक्यात आले, काहींना दात-ओठ खायला लागले.

"गन मारलेली हाय," मामा एवढंच म्हणाले.

बोल्ट हा दिसतो खिळ्यासारखा, पण काम करतो स्प्रिंगचं. आवळला की तो केसभर ताणला जातो आणि परत आखूड होण्याच्या ओढीनं दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. तो दाबच आपल्याला हवा असतो. पान्याचा पीळ हे नुसतं त्याचं साधन. मशीन डिझाइनमध्ये एक ठोकताळा शिकवतात: बोल्टची ओढ, गुणिले व्यास, गुणिले ०.२, म्हणजे लागणारा पीळ. दहा मिलिमीटरचा बोल्ट ५० न्यूटन-मीटरनं आवळला, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साधारण पाच किलोचं वजन टांगलं, तर बोल्टमध्ये सुमारे २५,००० न्यूटनची ओढ येते. अडीच टन! एका बोटाएवढ्या बोल्टात.

गंमत पुढं आहे. आपण लावलेल्या पिळातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. म्हणजे नव्वद टक्के मेहनत घासण्यातच संपते. म्हणून आट्यांवर दोन थेंब ऑइल पडलं की हिशेब बदलतो. वरच्या सूत्रातला ०.२ समजा ०.१५ झाला, तर त्याच ५० न्यूटन-मीटरला ओढ अडीच टनांवरून तीन टनांच्या वर जाते. बोल्ट कोरडा आवळायचा की ऑइल लावून, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते याचसाठी.

आता या हिशेबात गन घाला. अर्ध्या इंची चौकटीची चांगली गन ५०० न्यूटन-मीटर आणि त्याच्याही वर जाते. हेडच्या वरचं झाकण बसवणाऱ्या छोट्या बोल्टांना बहुतेक गाड्यांत दहाच्या आसपास पुरतं. गनचा घोडा किती वेळ दाबला, टाकीत हवेचा दाब किती उरला, नळी किती लांब, आटे कोरडे की ओले, यावर पीळ ठरतो. यातलं काहीच गन सांगत नाही. तिला फक्त ठोकणं माहीत आहे. आठ-दहा बोल्टांपैकी तीन जास्त आवळले, दोन कमी राहिले, तर मधलं गॅस्केट एका बाजूला चिरडतं आणि दुसऱ्या बाजूनं वाट देतं. त्या बोलेरोत बहुधा हेच झालं होतं.

इथपर्यंत मामा खूश होते. पण हाताबद्दलही तेवढंच कडक बोलणं भाग होतं. बोल्टच्या शास्त्रात एक तक्ता नेहमी दिला जातो. अंदाजानं, हाताच्या जाणिवेनं आवळलं, तर बोल्टमधली ओढ हव्या त्या आकड्याच्या ३५ टक्के वर-खाली होऊ शकते. टॉर्क रेंचनं २५ टक्के. आधी ठरावीक पिळापर्यंत आणून मग मोजून ठरावीक अंश फिरवलं, तर १५ टक्के. टॉर्क रेंच स्वतः चार टक्क्यांपर्यंत अचूक असतो, पण घर्षण मध्ये येतं. म्हणून तर आजच्या बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट आधी पिळानं आणि मग ९० अंश फिरवून आवळतात, आणि असे ताणलेले बोल्ट पुष्कळदा पुन्हा वापरत नाहीत.

मामांना तक्ता पटला नाही. "माझा हात पस्तीस टक्के चुकंल?" मग आम्ही एक संध्याकाळ घालवली. कोपऱ्यातला भंगार ब्लॉक काढला, आटे साफ केले, सारखे दहा बोल्ट घेतले. मामांनी रॅचेटनं, अंदाजानं, एकसारखे आवळायचे. मग मी काट्याचा टॉर्क रेंच लावून, बोल्ट अगदी जरासा पुढं सरकेल तेवढाच जोर देऊन, काटा वाचायचा. धाकटा वहीत लिहायला बसला.

पहिले पाच बोल्ट बघून मी गप्प झालो. ते एकमेकांच्या इतके जवळ होते की टॉर्क रेंचनं आवळलेत असं वाटावं. पस्तीस वर्षांचा हात होता तो. सहाव्यापासून आकडा उतरायला लागला. नववा आणि दहावा पहिल्यापेक्षा स्पष्ट सैल होते. मामांना मात्र आवळताना सगळे सारखेच लागले होते. त्यांनी धाकट्याच्या हातातून वही घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि उजवा खांदा डाव्या हातानं दाबत म्हणाले, "हात खोटं बोलंना. दमल्यावर खोटं बोलतो."

त्यानंतर वादाचा सूर बदलला. कारण मग प्रश्न हवा की हात असा राहिलाच नाही. इंजिनाच्या कारखान्यात आज हेडचे बोल्ट कुणी पान्यानं आवळत नाही. तिथं विजेवर चालणारी यंत्रं आवळतात. पण ती यंत्रं प्रत्येक बोल्टचा पीळ आणि फिरलेला कोन मोजतात, आकडा आला की थांबतात, आणि तो आकडा साठवून ठेवतात. म्हणजे यंत्रानं आवळणं वाईट नाही. थांबायचं कधी, हे ज्याला कळत नाही त्यानं आवळणं वाईट. पंक्चरवाल्याच्या गनला ते कळत नाही. ताज्या हाताला बरंच कळतं. दमलेल्या हाताला कळल्याचा भास होतो.

टॉर्क रेंचची गोष्ट मी धाकट्याला तेव्हाच सांगितली. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांनी १९१८ च्या सुमारास तो शोधल्याचं सांगतात. जमिनीखालच्या पाईपांच्या जोडाचे बोल्ट माणसं जास्त आवळायची आणि ते तुटायचे, म्हणून. म्हणजे हे हत्यार कमी ताकदीच्या माणसासाठी नव्हतं, जास्त ताकद लावणाऱ्याला थांबवण्यासाठी होतं. त्याच १९१८ साली ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणीत गेल्या होत्या. हवेच्या हातोड्यानं दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची. थरथरत्या हत्यारानं बोटांतलं रक्त आटतं, हे त्यांनी नोंदवलं. गन खांदा वाचवते, पण दिवसभर चालवली तर बोटं मागते. आणि कान. गनचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी सुचवलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पण पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. पत्र्याच्या शेडमध्ये तर आवाज फिरून परत येतो. कानात बोळे घालायला धाकटा लाजत होता. मामींनी दोन दिवस त्याला मुद्दाम हळू आवाजात हाका मारल्या, तेव्हा घालायला लागला.

हवा आवळण्याच्या वेळी अजिबात नको, असंही नाही. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तळाशी ऑइल किंवा पाणी साचलेलं असतं. तसाच बोल्ट पिळत नेला तर खाली अडकलेल्या द्रवाला जायला जागा नसते, आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. चष्मा लावून, हवा मारून ती भोकं कोरडी करावीच लागतात. क्रँकच्या आतले ऑइलचे मार्ग हवेशिवाय साफ होत नाहीत. उलट हवेवर फिरणाऱ्या खरखरीत चकतीनं जुनं गॅस्केट घासणं सोपं वाटतं, पण चकतीचे कण ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खातात. जनरल मोटर्सनं याबद्दल आपल्या मेकॅनिकांना लेखी ताकीद दिली होती. तिथं हातातली पट्टी बरी. आणि पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवताना तर हातच हवा. हातोडीच्या लाकडी दांड्यानं हळूहळू ढकलताना एखादी रिंग काठाला अडली, तर ते तळहाताला लगेच कळतं. तिथं जोर लावला की रिंग तुटली.

धाकट्यानं विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "मग मी गन कधी धरायची? आधी की नंतर?"

मामांनी उत्तर दिलं. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवायचा. बोटांनी फिरला, तर आटे नीट बसले. वाकडा लागला असेल तर बोटांना अडतो. गनला अडत नाही, ती आट्यावर आटा चढवून बोल्ट खोल घालते आणि ब्लॉकचे आटे मारून टाकते. क्रँकच्या कॅपा बसवताना प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हातानं फिरवून बघायचा. जड झाला तर पुढची कॅप हातात घ्यायची नाही, आधी ही का अडली ते शोधायचं. "हे ज्याला कळलं," मामा म्हणाले, "त्यानं गन धरावी. ज्याला न्हाई, त्यानं धरू ने."

तीस हजारांचं काय झालं, ते सांगतो. मोठा कॉम्प्रेसर घेतला नाही, जुनाच दुरुस्त केला. एक चांगली अर्ध्या इंची गन घेतली. दोन टॉर्क रेंच घेतले: छोट्या बोल्टांसाठी एक, मोठ्यांसाठी एक. अंश मोजायची एक तबकडी, चष्मे, कानाचे बोळे. उरलेल्या पैशात गोट्यांचा एक संच, गनचे ठोके सोसणारा. साध्या गोट्या गनवर लावल्या तर त्या फुटून तुकडा अंगावर येऊ शकतो. मामांनी पान्याच्या दांड्यातला तो चार फुटी पाईप भंगारात दिला.

बोलेरोचं हेड बीडहून सपाट करून आलं. नवं गॅस्केट बसवलं. आवळायला धाकटा बसला. मधल्या बोल्टपासून सुरुवात, मग आळीपाळीनं बाहेर, तीन टप्प्यांत. मामा समोर स्टुलावर बसून प्रत्येक 'खट्'ला मान हलवत होते आणि मध्येच एकदा म्हणाले, "ह्यो परत बघ." धाकट्यानं परत बघितला. बरोबर होता. "बरं," मामा म्हणाले, "पर बघितलास का न्हाई?"

ज्या वहीत त्या संध्याकाळचे दहा आकडे लिहिले होते, ती आता गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते. तिच्यात एकेका इंजिनाचं पान आहे: कोणत्या बोल्टला किती, कोरडा की ऑइल लावून, कोणत्या क्रमानं, त्याची पेन्सिलनं काढलेली आकृती. आकडे धाकटा मॅन्युअलमधून काढतो. आकृतीशेजारी मामा सांगतात तेही लिहितो: या इंजिनाचा मागचा बोल्ट हाताला येत नाही, आधी नळी काढ, याचे आटे कच्चे असतात, बोटांनीच जास्त जाऊ दे. पहिल्या पानावर ते दहा आकडे तसेच आहेत. धाकटा ते पान फाडायला निघाला होता. मामांनी राहू द्यायला सांगितलं.